पाकिटावरचा तो त्रिकोण 'हे रिसायकल होतं' असं सांगतच नाही!

चिप्स खाऊन झाले की पाकीट उलटं करून बघा. मागे कुठेतरी बाणांचा छोटासा त्रिकोण सापडेल आणि त्यात बहुतेकदा ७ हा आकडा. आपण तो बघतो, पाकीट सुक्या कचऱ्यात टाकतो आणि 'होईल रिसायकल' म्हणून मोकळे होतो. पण त्या त्रिकोणाने तसं वचन कधी दिलेलंच नाही.

तीन बाणांचं मूळ चिन्ह १९७० मध्ये गॅरी अँडरसन या अमेरिकी विद्यार्थ्याने एका स्पर्धेसाठी काढलं होतं, तेही कागदासाठी. १९८८ मध्ये तिथल्या प्लास्टिक उद्योगाच्या संघटनेने तसाच त्रिकोण उचलला आणि त्यात १ ते ७ आकडे घातले. हेतू एवढाच की, कचरा वेगळा करणाऱ्याला प्लास्टिक कोणतं आहे ते कळावं. लोकांनी मात्र बाण बघितले आणि अर्थ लावला. शेवटी २०१३ मध्ये अमेरिकेत बाण काढून साधा त्रिकोण वापरायचं ठरलं. जुनं चिन्ह आजही सगळीकडे दिसतं.

मग आकडे काय सांगतात? १ म्हणजे पाण्याच्या बाटलीचं प्लास्टिक, २ म्हणजे शाम्पूच्या बाटल्यांचं जाड प्लास्टिक. या दोन्हींना भंगारात भाव मिळतो. ४ मध्ये दुधाची पिशवी येते, ५ मध्ये पार्सलचे डबे, ६ मध्ये थर्माकोल. ३ म्हणजे पीव्हीसी.

खरी गडबड ७ मध्ये आहे. ७ म्हणजे 'इतर', थोडक्यात उरलेलं सगळं. चिप्सच्या पाकिटात प्लास्टिकचे वेगवेगळे थर आणि मध्ये ॲल्युमिनियमचा पातळ लेप असतो. हे थर सुटे करणं महाग पडतं, म्हणून भंगारवाला ते घेत नाही. पुण्यात 'स्वच्छ' सहकारी संस्थेच्या कचरावेचकांची कमाई काही प्रमाणात भंगार विकून होते. त्यांच्यासाठी अशी पाकिटं म्हणजे नुसतं ओझं. यातली काही शेवटी सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून जळतात.

आणि हे नियमात बसतं! २०१६ च्या नियमांत रिसायकल न होणारं बहुस्तरीय प्लास्टिक दोन वर्षांत बंद करा, असं होतं. २०१८ मध्ये शब्द बदलले. आता ज्यापासून ऊर्जाही मिळत नाही किंवा ज्याचा दुसरा काही उपयोगच नाही, असं प्लास्टिक बंद करायचं. जाळून ऊर्जा मिळाली की सुटका.

'कंपोस्टेबल' लिहिलेल्या पिशवीचंही तसंच. तिला आयएस/आयएसओ १७०८८ हे मानक लागतं, पण ते मोठ्या कंपोस्ट प्रकल्पातल्या उष्णतेसाठी आहे. गॅलरीतल्या खताच्या डब्यात ती तशीच पडून राहू शकते. 'इको-फ्रेंडली', 'ग्रीन' वगैरे शब्दांवर मात्र आता थोडा लगाम आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या ऑक्टोबर २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार असा दावा करणाऱ्या कंपनीकडे पुरावा हवा.

सोपं लेबल अशक्य नाही. ब्रिटनमध्ये अनेक पाकिटांवर सरळ लिहिलेलं असतं : 'रिसायकल करा' किंवा 'रिसायकल करू नका'. आपल्याकडेही शाकाहारी पदार्थावरचा हिरवा ठिपका शाळेतल्या पोरालाही कळतोच की. (इंपोर्टेड चॉकलेटवर दोन बाण गुंफलेलं हिरवं वर्तुळ दिसलं, तर तो शाकाहाराचा ठिपका नव्हे. आणि रिसायकलचाही नव्हे. कचरा गोळा करण्याच्या व्यवस्थेसाठी कंपनीने पैसे भरलेत, एवढाच त्याचा अर्थ. जर्मनीतून आलेली खूण आहे ती.)

तोपर्यंत आपल्या हातात काय? बाटली रिकामी करून, डबा धुऊन द्या, खरकट्या प्लास्टिकचा भाव पडतो. आणि दुधाची पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडू नका. पिशवी विकली जाते, पण तो इवलासा तुकडा कोणीच वेचत नाही.