परभणीची मुलगी आणि परिचारिकेची सनद

धर्मग्रामाच्या जयंतीप्रसंगीं आपण देवळाचा पाया, घंटा व पूर्वीच्या धर्मगुरूंची नामावळी यांचें स्मरण करतों, तें योग्यच आहे. परंतु ज्या मुली रुग्णसेवेचें शिक्षण घेण्यासाठीं घर सोडतात, त्यांच्या मार्गालाही एक इतिहास आहे. तो ठाऊक नसला म्हणजे आईबाप पैसा घालवितात, मुलगी उमेदीचीं वर्षें घालविते, आणि हातीं येणारा कागद कोठेंच चालत नाहीं. म्हणून हा विषय येथें मांडणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

मुंबईंत हें शिक्षण लवकर रुजलें. 1891 सालीं बाई काशीबाई गणपत ह्या शिक्षणास आलेल्या पहिल्या हिंदी परिचारिका, अशी नोंद आढळते. पुढें 1935 सालीं मुंबई इलाख्यांत परिचारिका, सुइणी व आरोग्यसेविका यांच्या नोंदणीचा कायदा झाला. पण परभणी तेव्हां निजामाच्या राज्यांत होती. मुंबईचा कायदा तिच्या शिवेबाहेरच थांबला. मनमाड-हैदराबाद आगगाडी परभणीवरून जाई. एकीकडे मुंबईची वाट, दुसरीकडे हैदराबादची, जेथें उस्मानिया इस्पितळाची भव्य इमारत 1925 सालीं पुरी झाली. दोन्ही शहरें दूर, आणि दोन्हींकडील राज्यकारभार वेगळा.

सप्टेंबर 1948 मध्यें निजामाची सत्ता संपली. 1956 सालीं मराठवाडा मुंबई राज्यास जोडला गेला, आणि 1 मे 1960 रोजीं महाराष्ट्र राज्य झालें. बारा वर्षांच्या आंत राज्य इतक्या वेळां पालटलें. परभणी मात्र जागची हलली नाहीं. अखेर 1966 च्या महाराष्ट्र परिचारिका अधिनियमानें साऱ्या राज्यास एकच कायदा लागू झाला, आणि परभणीच्या मुलीचें नांव मुंबईच्या मुलीशेजारीं एकाच नोंदवहींत बसूं लागलें.

आपल्या चर्चच्या इतिहासांतही असाच एक अडसर होता. धर्मभगिनींनीं बाळंतपणाचें काम करूं नये, असा दंडक असे. फेब्रुवारी 1936 मध्यें रोमच्या निर्देशानें तो दूर झाला. गुंटूर येथें सेवा करणाऱ्या डॉक्टर भगिनी मेरी ग्लोरी यांनीं 1943 सालीं कॅथॉलिक इस्पितळांची संघटना उभारली. दयेला विद्येची जोड हवी, हें यावरून दिसून येतें.

आतां व्यवहाराची गोष्ट. आज तीन वाटा आहेत: सहाय्यक परिचारिका-प्रसाविकेचा दोन वर्षांचा, सामान्य परिचर्या व प्रसूतिशास्त्र पदविकेचा तीन वर्षांचा, आणि पदवीचा चार वर्षांचा अभ्यासक्रम. पदवीची परीक्षा 1998 सालीं स्थापन झालेलें नाशिकचें आरोग्य विज्ञान विद्यापीठ घेतें. सपाट प्रदेशांत सुमारें 5,000 वस्तीस एक आरोग्य उपकेंद्र, असें सरकारी प्रमाण आहे. तेथील काम मुख्यतः पहिल्या वाटेनें आलेल्या परिचारिकाच पाहतात. इस्पितळांतील जागांसाठीं पदविका वा पदवी लागते.

परंतु प्रमाणपत्र मिळालें म्हणजे सर्व झालें, असें नव्हे. महाराष्ट्र परिचर्या परिषदेंत नांव नोंदलें गेलें पाहिजे, व नोंदणीचें नूतनीकरण वेळोवेळीं केलें पाहिजे. परराज्यांत चाकरी करावयाची तर तेथील परिषदेंतही नांव दाखल करावें लागतें. पूर्वीं निजामाची सीमा आड येई. आज सीमा आड येत नाहीं, पण नोंदवही प्रत्येक राज्याची आपली असते.

यास्तव पालकांस आमचें सांगणें एवढेंच कीं, शुल्क भरण्यापूर्वीं त्या शाळेस परिषदेची मान्यता आहे कीं नाहीं, हें परिषदेकडूनच विचारून घ्यावें. दलालाच्या तोंडच्या शब्दावर मुलीचीं तीन वर्षें गहाण टाकूं नयेत. मध्यरात्रीं रुग्णाच्या उशाशीं जी उभी राहणार, तिच्या पायाखालची जमीन आधीं पक्की असावी.