कोंबडीघर (अंड्यावरच्या कोंबड्यांचे)

अंडी देणाऱ्या कोंबड्यांसाठी बांधलेला निवारा. परसातले खुराडे, गादी पद्धतीची (जमिनीवर तूस-भुशाचा थर अंथरलेली) शेड आणि तारेचे पिंजरे हे त्याचे महाराष्ट्रात सर्रास दिसणारे प्रकार.

पिंजऱ्यात विष्ठा जाळीतून खाली पडते, अंडे उतारावरून घरंगळत पुढे येते. जंत आणि रक्ती हगवण कमी होते, मजुरी वाचते. हा फायदा खरा आहे. पण एका पक्ष्याच्या वाट्याला जेमतेम 400 ते 450 चौ. सेंमी जागा येते. ए-फोर कागदही याहून मोठा असतो. पंख पसरता येत नाहीत आणि हालचालीअभावी हाडे ठिसूळ होतात.

अंडे घालण्याआधी कोंबडी आडोसा शोधते, भुसा उकरते, गोल फिरून खळगा करते आणि मगच बसते. हे तिला कोणी शिकवलेले नसते. उघड्या जाळीवर ती नुसती अस्वस्थ येरझाऱ्या घालत राहते.

सांगली जिल्ह्यातील कुंडल (ता. पलूस) हे उसाच्या पट्ट्यातले, साखर कारखान्याचे गाव. अशा ठिकाणी भाताच्या तुसाबरोबर उसाचे बगॅसही गादीला चालते. मात्र ते खडखडीत वाळलेले हवे. ओल राहिली की बुरशी धरते आणि पक्ष्यांच्या फुप्फुसात जाते. गादी वरचेवर उलथावी, पाण्याच्या भांड्याभोवतीचा ओला भाग लगेच काढावा. शेडमध्ये शिरताच डोळे चुरचुरले, तर अमोनिया वाढला असे समजावे. उपसलेली गादी कोंबडखत म्हणून उसाला आणि द्राक्षबागांना जाते.

या भागात खरी परीक्षा एप्रिल-मेची. उष्म्याने कोंबडी धापा टाकते, रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो आणि कवच पातळ होते. अशा वेळी खाद्य बदलण्याआधी छताकडे पाहावे. शेडची लांबी पूर्व-पश्चिम, बाजूंना जाळी, पत्र्यावर चुना आणि कडेला ओले गोणपाट एवढ्यानेही फरक पडतो.

प्राण्याला हालचाल करता येणार नाही अशा पिंजऱ्यात कोंडणे 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम 11 नुसार गुन्हा आहे. विधी आयोगाने 2017 मध्ये 269 व्या अहवालात कोंबड्यांच्या निवाऱ्याचा स्वतंत्र विचार केला. युरोपीय संघात साधे पिंजरे 2012 पासून बंद आहेत.

गादीवर पक्षी एकमेकांना टोचतात, काही अंडी मळतात. तरीही लहान शेतकऱ्याला हीच पद्धत अधिक योग्य. दर कोंबडीमागे 2 ते 2.5 चौ. फूट जागा, पाच कोंबड्यांमागे एक अंडीपेटी आणि रात्री बसायला दांडी, हा हिशोब पिल्लांची मागणी नोंदवण्याआधीच करावा.