यंत्राची स्मृती आणि परवान्याची वेस

कोणत्याही साधनाच्या सामर्थ्याला मर्यादा असतेच. परंतु सर्व मर्यादा एका जातीच्या नसतात. नदीला उतार नाही म्हणून वाटसरू थांबतो ते निराळे, आणि पूल बांधलेला असूनही जकातदाराने अडविले म्हणून थांबतो ते निराळे. संगणकाच्या इतिहासात या दोन मर्यादांची अशी काही सरमिसळ झाली आहे की, सरकारी कचेरीत बसून खरेदीच्या टिपण्या लिहिणाऱ्या आम्हां मंडळींस नदी कोणती आणि नाका कोणता हे ओळखणे कठीण व्हावे. नोकरीनिमित्त आम्ही ज्या चेन्नईत राहतो त्या शहराचा या इतिहासाशी निकटचा संबंध आहे. म्हणून त्याचा थोडक्यात परामर्श घेण्याचे आम्ही योजिले आहे.

आरंभी पाट्याबरोबर वरवंटा यावा तशी यंत्राबरोबर त्याची आज्ञावली येत असे. आयबीएम या अमेरिकन कंपनीने २३ जून १९६९ रोजी आज्ञावलींची निराळी किंमत आकारण्याचे जाहीर केले, आणि यंत्र मिळविणे व ते चालविण्याची परवानगी मिळविणे हे दोन स्वतंत्र व्यवहार होऊ लागले. पुढे १९७३ साली मद्रासच्या आयआयटीत त्याच कंपनीचा ३७०/१५५ हा भव्य संगणक आला. म्हणजे या शहरात मोठा संगणक आला तेव्हा परवान्याचे युग सुरू झालेले होते.

प्रथम गणिताची मर्यादा पाहू. संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीतील, म्हणजे ज्यास आपण रॅम म्हणतो तिच्यातील, प्रत्येक जागेस एक क्रमांक असतो. पिनकोडाचे अंक सहाच असल्यामुळे त्यांतून दहा लाखांहून अधिक निराळे क्रमांक निघू शकत नाहीत. तसेच येथेही आहे. शून्य आणि एक अशा बत्तीस अंकांचा पत्ता धरला तर ४,२९,४९,६७,२९६ जागा होतात. यासच चार गिगाबाइट म्हणतात. १९९५ च्या पेंटियम प्रो या प्रोसेसरने पत्त्याचे अंक छत्तीस केले, आणि मर्यादा चौसष्ट गिगाबाइटवर गेली. ही झाली नदी. तिच्यावर पूल बांधला तो अभियंत्यांनी.

आता नाका पाहू. मायक्रोसॉफ्टच्या विंडोज २००० या सर्व्हरसाठीच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या तीन आवृत्त्या होत्या. साध्या सर्व्हर आवृत्तीत चार गिगाबाइट, ॲडव्हान्स्ड सर्व्हरमध्ये आठ आणि डेटासेंटरमध्ये बत्तीस गिगाबाइट स्मृती वापरता येई. पुढे चौसष्ट अंकांचे प्रोसेसर आले आणि गणिताची अडचण व्यवहारात उरली नाही. तरीही २००९ च्या विंडोज सर्व्हर २००८ आर-२ मध्ये स्टँडर्ड आवृत्तीस बत्तीस गिगाबाइटची, तर एंटरप्राइज आवृत्तीस दोन टेराबाइटची, म्हणजे चौसष्ट पट, मर्यादा होती. यंत्र तेच, प्रोसेसर तोच. फरक केवळ परवान्याचा. एखाद्या कचेरीने चौसष्ट गिगाबाइटची रॅम यंत्रात बसविली आणि परवाना स्टँडर्डचा असला, तर निम्मी स्मृती जागेवर असूनही निरुपयोगी ठरावी.

२०१२ च्या आवृत्तीत स्टँडर्ड आणि डेटासेंटर या दोहोंस चार टेराबाइटची सारखीच मर्यादा मिळाली. तेव्हा नाका उठला असे कोणास वाटेल. वस्तुतः तो एका वेशीवरून दुसऱ्या वेशीवर गेला. आता मोजणी प्रोसेसरांची आणि एका यंत्रात चालणाऱ्या आभासी यंत्रांची सुरू झाली. २०१६ पासून ती प्रोसेसरच्या प्रत्येक गाभ्यामागे होऊ लागली, आणि दर सर्व्हरमागे निदान सोळा गाभ्यांचा परवाना घेणे आवश्यक ठरले.

न्यायाने पाहिले तर विक्रेत्याची बाजूही ऐकली पाहिजे. आज्ञावली लिहिण्याचा खर्च एकदाच होतो. लहान दुकानदाराकडून थोडे आणि मोठ्या पेढीकडून पुष्कळ घेतले, तरच दोघांनाही ती परवडते. हा युक्तिवाद पोकळ नव्हे. परंतु सरकारी कचेरी ही पेढी नाही. तिची दफ्तरे दरवर्षी वाढणारच, आणि त्या वाढीचा दर दुसऱ्याने ठरवावा ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे.

या विचारातूनच दुसरा प्रवाह निघाला. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्प जाहीर केला. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्सचा गाभा लिहिला. येथेही परवाना आहेच. परंतु तो अडविण्यासाठी नसून वापरण्याची, तपासण्याची, बदलण्याची आणि वाटण्याची मोकळीक देण्यासाठी आहे. त्यामुळे उरते ती केवळ गणिताची मर्यादा.

चेन्नईचे कार्य येथे सुरू होते. केंद्र सरकारने २००५ मध्ये मुक्त आज्ञावलींसाठी राष्ट्रीय साधनकेंद्र स्थापिले. त्याची धुरा येथील सी-डॅक आणि अण्णा विद्यापीठाचे एयू-केबीसी संशोधनकेंद्र यांनी वाहिली. जानेवारी २००७ मध्ये डेबियनच्या पायावर उभारलेली 'बॉस', म्हणजे भारत ऑपरेटिंग सिस्टिम सोल्यूशन्स, बाहेर पडली. तीत आपल्या मराठीचीही सोय होती. त्याच सुमारास एल्कॉट या तमिळनाडू सरकारच्या कंपनीने, सी. उमाशंकर हे सनदी अधिकारी तिचे व्यवस्थापकीय संचालक असताना, सुसे लिनक्सची वाट धरली. २०११ पासून राज्याने विद्यार्थ्यांना जे लॅपटॉप वाटले त्यांत विंडोजच्या जोडीला बॉसही होती. मार्च २०१५ मध्ये केंद्र सरकारने मुक्त आज्ञावलींस प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले.

बॉस घरोघर पोचली असे मात्र म्हणता येणार नाही. परवाना फुकट मिळाला तरी देखभाल फुकट होत नाही. माणसे शिकवावी लागतात, जुन्या आज्ञावली नव्याने लिहाव्या लागतात, आणि सुसे, रेड हॅट यांसारख्या कंपन्या सेवेची वर्गणी घेतातच. तथापि सेवेचे मोल देणे वेगळे आणि स्वतःच्याच यंत्राची स्मृती वापरण्याबद्दल मोल देणे वेगळे.

करारास वयाचीही सीमा असते. विंडोज सर्व्हर २००८ आर-२ ची नेहमीची सुरक्षा-दुरुस्ती १४ जानेवारी २०२० रोजी थांबली. त्यावर ठेवलेल्या नोंदींचे आयुष्य मात्र त्या दिवशी संपले नाही. आमच्या या प्रांतात तंजावरच्या मराठी राज्याची मोडी दफ्तरे आहेत. ते राज्य १८५५ मध्ये लयास गेले. पण जो मोडी शिकेल त्यास ते कागद आजही वाचता येतात, कोणाचा परवाना लागत नाही. आपल्या दफ्तरांविषयी पुढील पिढीस असेच म्हणता यावे, एवढीच अपेक्षा आहे.

वाचकांपैकी अनेकांस खरेदी समितीवर बसण्याचा प्रसंग येतो. निविदेत स्मृतीचा आकडा दिसला म्हणजे ही मर्यादा गणिताची की कराराची, आणि कराराची असल्यास ती ओलांडण्याचे मोल किती, एवढे एक वाक्य टिपणीत अवश्य लिहावे. नाका कोठे आहे हे कागदावर आले, म्हणजे पूल कोठे बांधावा हे ठरविणे पुष्कळ सोपे होते.