घरपोच मालाचा भरवसा : भारतातील ऑनलाइन खरेदी

भारतात ऑनलाइन खरेदीची दुकाने १९९०च्या दशकाच्या अखेरीस उघडली. पण माल न पाहता मागवण्याची सवय त्याच्या शंभरेक वर्षे आधीची. टपाल खात्याने १८७७ मध्ये व्ही.पी.ची सोय सुरू केली. जाहिरात वाचून गिऱ्हाईक पोस्टकार्ड टाकी, पोस्टमन पार्सल घेऊन येई आणि पैसे हातात पडल्यावरच ते देई. लहान गावांतल्या वाचकांना पुस्तके मागवण्याची हीच मोठी सोय होती. उणीव एकच, पण मोठी : पैसे भरल्याशिवाय पार्सल फोडता येत नसे. आत भलतेच निघाले तर परगावच्या विक्रेत्याशी पत्रव्यवहार करत बसावे लागे.

पुढे १५ ऑगस्ट १९७२ रोजी सहा आकडी पिनकोड आला. तो आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातले मराठी अधिकारी आणि संस्कृत कवी. आज कुठलेही पार्सल कोणत्या गोदामातून कोणत्या गावी जाणार, हे त्या आकड्यांवरून ठरते. एवढ्या मोठ्या व्यवहाराला आधार देणारे त्यांचे नाव मात्र फारसे कुणाला ठाऊक नाही.

सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ला खुले झाले. त्यानंतर बंगळूरला फॅबमार्ट (१९९९) आणि मुंबईत बाझी (२०००) ही संकेतस्थळे निघाली. माहिती तंत्रज्ञान कायद्याने २००० साली इलेक्ट्रॉनिक व्यवहारांना कायदेशीर आधार दिला. तरीही गिऱ्हाईक बेताचेच राहिले. इंटरनेट मंद होते, क्रेडिट कार्ड शहरांतल्या थोड्या नोकरदारांकडे होते आणि ज्यांच्याकडे होते त्यांनाही कार्डाचा नंबर पडद्यावर भरायची धास्ती वाटे. ही भीती मोडायला रेल्वेचा मोठा हातभार लागला. ऑगस्ट २००२ मध्ये आयआरसीटीसीने ऑनलाइन आरक्षण सुरू केले. सुरुवातीला छापील तिकीट कुरिअरने घरी येई. तिकिटात माप चुकण्याचा किंवा रंग उडण्याचा प्रश्न नव्हता आणि पाठीशी सरकारी रेल्वे होती. रिझर्व्ह बँकेने २००९ पासून ऑनलाइन कार्ड व्यवहारांना जादा पडताळणी सक्तीची केली, तेव्हा आणखी थोडा धीर आला.

सचिन बन्सल आणि बिन्नी बन्सल यांनी २००७ मध्ये बंगळूरला फ्लिपकार्ट सुरू केले ते पुस्तकांपासून. निवड विचारपूर्वक होती : एकाच आवृत्तीच्या सगळ्या प्रती सारख्या, त्या फुटत नाहीत, नासत नाहीत. खरे वळण आले २०१० मध्ये, कंपनीने ‘कॅश ऑन डिलिव्हरी’ सुरू केल्यावर. कार्ड नसलेला आणि कार्डावर भरवसा नसलेला, दोघेही एकदम गिऱ्हाईक झाले. विक्रेत्याला ही सोय महाग पडे. दारातून परत फिरलेल्या पार्सलचा भुर्दंड त्याच्याच माथी बसे आणि रोकड गोळा करण्याचा खर्च वेगळा. तरीही जोडीला माल परत घेण्याची हमी आली आणि व्ही.पी.तली जुनी उणीव भरून निघाली. या देशात ऑनलाइन बाजार वाढला तो तंत्रज्ञानाइतकाच या दोन सवलतींमुळे.

जून २०१३ मध्ये अॅमेझॉन भारतात उतरले आणि सवलतींची चढाओढ लागली. छोट्या दुकानदारांची तक्रार रास्त होती : तोटा सोसून विकणाऱ्या भांडवलापुढे टिकायचे कसे? परकीय भांडवल असलेल्या कंपनीने स्वतःचा माल न विकता फक्त इतरांना बाजारपेठ पुरवावी, असे सरकारने २०१६ मध्ये स्पष्ट केले. त्याच वर्षी यूपीआय, स्वस्त डेटा आणि नोटाबंदी या तिन्ही गोष्टी घडल्या आणि खरेदी संगणकावरून मोबाइलवर गेली. जुलै २०१७ मध्ये जीएसटी लागू झाल्यावर राज्यांच्या सीमांवरचे तपासणी नाके उठले आणि एकाच मोठ्या गोदामातून अनेक राज्यांत माल पाठवणे सोपे झाले. मुंबईलगतच्या भिवंडीत पूर्वीपासूनच गोदामे होती. आता तिथे ऑनलाइन कंपन्यांची प्रचंड कोठारे उभी राहिली.

मार्च २०२०च्या टाळेबंदीत सुरुवातीला फक्त जीवनावश्यक वस्तू घरपोच देण्याची मुभा होती. त्या काळात एरवी बाजारात जाऊन निवडून घेणारी घरेही किराणा आणि औषधे मोबाइलवरून मागवू लागली. त्याच वर्षी जुलैत ग्राहक संरक्षणाचे ई-कॉमर्स नियम आले : विक्रेत्याची माहिती आणि मालाचा मूळ देश दाखवणे, तक्रार निवारण अधिकारी नेमणे आणि तक्रारीची पोच ४८ तासांत देणे बंधनकारक झाले.