मागून येणाऱ्यांसाठी दगड



मे महिना जवळ आला की आमच्या वयाच्या माणसांना एक वास आठवतो. केरोसीनचा कंदील, उन्हात तापलेले तंबूचे कापड आणि तीन दगडांच्या चुलीवर तळाला लागलेली खिचडी, असा तो एकत्र वास आहे. मागच्या रविवारी उपासना संपल्यावर मंडळीत चर्चा झाली की यंदा मुलांचे उन्हाळी शिबिर घ्यायचे की नाही. काहींनी होय म्हटले, काहींनी नको म्हटले, निर्णय पुढे ढकलला गेला. घरी जाताना आम्हा जुन्या शिबिरार्थींना तो वास आला आणि म्हणून हे लिहायला बसलो.

आम्ही १९९० नंतरच्या तीन-चार वर्षांतली मुले. आमचे बहुतेकांचे वडील खानदेशातून तापी लाइनच्या गाडीने सुरतेला आलेले, कोणी लूमवर, कोणी डाइंग मिलमध्ये. घरात अहिराणी, मंडळीत मराठी, गल्लीत गुजराती, असे आमचे बालपण. शब्बाथ शाळेला आम्हाला एक मास्तर होते. त्यांचे नाव लिहिले तर त्यांना आवडायचे नाही. ते स्काऊटमास्तरही होते. खाकी शर्ट, गळ्यात स्कार्फ, खिशात शिटी आणि पवित्र शास्त्राची छोटी प्रत, अशी त्यांची आठवण आहे.

शिबिर वघईच्या बाजूला डांगच्या जंगलाच्या तोंडाशी असायचे. सुरतहून सकाळच्या गाडीने बिलीमोऱ्याला उतरायचे आणि तिथून अडीच फुटी रुळांवरची छोटी गाडी धरायची. गायकवाडी काळात सागाचे लाकूड वाहून आणण्यासाठी घातलेला तो मार्ग. त्रेसष्ट किलोमीटरला अर्धा दिवस जायचा. उनाई मागे पडले की साग दिसू लागायचे, मे महिन्यात बिनपानांचे, उघडे. आम्हाला वाटे हे काय जंगल! पण मास्तर म्हणत, "थांबा, रात्री बघा." आणि रात्री खरोखरच त्या उघड्या फांद्यांमधून एवढे तारे दिसत की उधन्याच्या मुलांनी कधी पाहिले नव्हते.

पहाटे शिटी वाजायची. तोंड धुवायला अंबिकेच्या आटलेल्या पात्रात उरलेल्या डोहावर जायचे. मग प्रार्थना, झेंडा, शास्त्रपाठ. दुपारी सावलीत दोरीच्या गाठी: रीफ नॉट, क्लोव्ह हिच, बोलाईन. संध्याकाळी करवंदांच्या जाळीत हात ओरबाडून घ्यायचे. रात्री शेकोटी. शेकोटीला मराठी भजन व्हायचे, गुजराती गाणे व्हायचे, आणि एखाद्या रात्री पाड्यावरचे कोणी पावरी घेऊन येऊन बसायचे. त्या वर्तुळात कोण कुठल्या जातीचा, कोणाचे वडील कामगार आणि कोणाचे सुपरवायझर, हे कोणी विचारत नसे, कारण सगळ्यांची खिचडी सारखीच करपलेली असे.

हे सगळे मास्तरांनी काढलेले नव्हते, हे मोठेपणी वाचून कळले. आणि जे वाचले ते आपल्यासारख्या शब्बाथ शाळा चालवणाऱ्यांना धीर देणारे आहे. १८८३ साली स्कॉटलंडच्या ग्लासगो शहरात विल्यम स्मिथ नावाचे एक शब्बाथ शाळेचे शिक्षक होते. वर्गातली मोठी मुले ऐकत नाहीत, दंगा करतात, हीच त्यांची अडचण होती, जी आज आमचीही आहे. त्यांनी मुलांना रागावण्याऐवजी कवायत, शिस्त आणि जबाबदारी दिली आणि त्यातून बॉईज ब्रिगेड उभी राहिली. १८८६ मध्ये त्यांनी मुलांना उन्हाळी शिबिराला नेले. पुढे रॉबर्ट बेडन-पॉवेल यांचाही या ब्रिगेडशी संबंध आला. १९०७ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी इंग्लंडच्या ब्राऊनसी बेटावर जे पहिले स्काऊट शिबिर भरवले, त्यात वीसेक मुले होती. काही मोठ्या श्रीमंत शाळांमधली आणि काही त्याच ब्रिगेडमधली, साध्या कामकरी घरांतली. दोन्ही एकाच तंबूत झोपली. त्या काळच्या इंग्लंडात ही लहान गोष्ट नव्हती.

पण हीच चळवळ भारतात आली तेव्हा तिचे दार अर्धेच उघडले. १९०९ मध्ये बंगळूरला कॅप्टन बेकर यांनी पहिले पथक काढले. पाठोपाठ १९१०-११ मध्ये आपल्या खडकीला, लोणावळ्याला, तसेच जबलपूर, मद्रास, सिमला इथे पथके निघाली. ती युरोपीय आणि अँग्लो-इंडियन मुलांसाठी होती. या मातीतल्या मुलाला तिथे जागा नव्हती. ख्रिस्ती म्हणवणाऱ्या राज्यात, देवाप्रती कर्तव्याची शपथ घेणाऱ्या चळवळीत असे झाले, हे आम्ही ख्रिस्ती लोकांनी लपवू नये. कुंपणाबाहेर राहिलेल्यांनी मग स्वतःची चूल मांडली. १९१६ मध्ये मद्रासला ॲनी बेझंट यांनी भारतीय मुलांसाठी स्काऊट संघटना काढली. त्यानंतर अलाहाबादेत मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम बाजपेयी यांनी सेवा समितीचे स्काऊट उभे केले. स्वातंत्र्यानंतर, ७ नोव्हेंबर १९५० रोजी, वेगवेगळ्या संघटना एकत्र येऊन भारत स्काऊट्स झाली आणि १९५१ च्या स्वातंत्र्यदिनी गाईड्सही त्यात आल्या. आमच्या शर्टावरचा बिल्ला त्या एकीचा होता. आम्हाला तो चार आण्यांचा पत्रा वाटे, पण तो बिल्ला आमच्या छातीवर यावा म्हणून आधीच्या लोकांनी चाळीस वर्षे वाट पाहिली होती.

आता एक कबुली. दुसऱ्या की तिसऱ्या शिबिरात आमच्या टोळीवर माग काढण्याच्या खेळाची जबाबदारी आली. पुढे जाऊन खुणा करायच्या: दगडांचा बाण म्हणजे इकडे जा, फुली म्हणजे इकडे नको. मागून लहान मुले त्या खुणा पाहत यायची. ऊन फार होते. एका फाट्यावर आम्ही बाण केलाच नाही. "दिसेल की त्यांना वाट," असे म्हणून करवंदांकडे पळालो. दोन लहान मुले त्या फाट्यावर चुकली. दिवे लागायच्या वेळेपर्यंत सापडली नाहीत. पाड्यावरच्या एका बाईंनी त्यांना ओढ्याकाठी रडताना पाहिले आणि हाताला धरून तंबूवर आणून सोडले. आम्हाला वाटले आता मार बसणार. मास्तरांनी हात उगारला नाही. रात्री शेकोटीला ते फक्त एवढे म्हणाले, "वाट तुम्हाला माहीत होती, म्हणून तुम्हाला खूण नको होती. खूण तुमच्यासाठी नसतेच रे." दुसऱ्या दिवशी त्यांनी आमच्याकडून तोच माग पुन्हा करून घेतला आणि त्या दोन मुलांचे हात आमच्या हातात देऊन आम्हाला त्यावरून चालवले.

त्या सकाळच्या पाठाला त्यांनी यहोशवाचा चौथा अध्याय घेतला. इस्राएल लोक यार्देन उतरून गेले तेव्हा परमेश्वराने बारा माणसांना नदीच्या मध्यातून एकेक दगड खांद्यावर घ्यायला सांगितला. ते दगड गिलगालात उभे केले. कशासाठी? जे उतरून आले होते त्यांना दगडांची गरज नव्हती, त्यांच्या पायांना अजून नदीचा चिखल होता. दगड होते ते पुढे जन्मणाऱ्या मुलांसाठी. मुलांनी विचारावे, हे दगड कसले? आणि बापांनी सांगावे. आम्ही त्या दिवशी ते ऐकले, पण समजायला वर्षे लागली.

१९९४ चा सप्टेंबर सुरतेत राहिलेला कोणी विसरणार नाही. प्लेगची बातमी पसरली आणि चार दिवसांत काही लाख माणसे शहर सोडून निघाली. गाड्यांच्या टपांवर माणसे होती. टेट्रासायक्लिनच्या गोळ्या दुकानांत मिळेनाशा झाल्या. आमचीही घरे भुसावळच्या गाडीत कोंबून गावाला गेली. सदैव तयार राहण्याची शपथ घेतलेले आम्ही तोंडाला रुमाल बांधून पळालो. आम्ही मुलेच होतो, निर्णय आमचा नव्हता, हे खरे. पण परत आलो तेव्हा कळले की मास्तर गेले नव्हते. गल्लीतल्या ज्या म्हाताऱ्यांना कोणी न्यायला आले नाही त्यांचे पाणी भरणे, औषध आणणे हे त्यांनी केले होते. विचारले तर म्हणाले, "मला कुठे गाव होते?" त्यांना गाव होते. आम्हाला ते ठाऊक होते. तो त्यांनी ठेवलेला दगड होता.

बारा वर्षांनी, ऑगस्ट २००६ मध्ये, उकाईचे पाणी सोडले आणि तापी शहरात शिरली. शहराचा बहुतेक भाग पाण्याखाली गेला. त्या वेळी आम्ही पंचविशीत होतो. आमच्यापैकी काहीजण अडाजणला पहिल्या मजल्यावर अडकले होते. खालून होडी जायची, तिच्यातून दूध आणि पाकिटे बादलीने वर ओढावी लागत. बादलीला बोलाईनची गाठ मारली, ती सुटत नाही आणि घसरत नाही. तिघा जणांच्या हातांना ती न विचारता आली. एकजण म्हणाला, "मास्तर असते तर म्हणाले असते, टोक आखूड ठेवलेस." आम्ही हसलो, आणि मग बराच वेळ कोणी बोलले नाही. या वेळी आम्ही पळालो नव्हतो. शेजारच्या सात घरांचे पाणी वर ओढले होते.

हे सगळे का सांगतो? जुने दिवस चांगले होते असे म्हणण्यासाठी नाही. जुन्या दिवसांत चुकाही होत्या. आमच्या शिबिरांना आमच्या बहिणी कधीच आल्या नाहीत. त्या घरी भांडी घासत होत्या आणि आमची बॅग भरत होत्या. १९०९ मध्ये लंडनला स्काऊटांच्या मेळाव्यात मुली न बोलावता गणवेश घालून हजर झाल्या होत्या, आणि पुढच्याच वर्षी गाईड चळवळ सुरू झाली. १९६६ पासून पुण्यात गाईडांचे 'संगम' हे जागतिक केंद्र आहे. तरी १९९० नंतरसुद्धा आमच्या मंडळीने मुलींसाठी तंबू लावला नाही. बंगळूरचे अर्धे दार आम्ही आमच्याच घरात लावले होते. आता शिबिर झाले तर ते मुलामुलींचे व्हावे.

पालकांच्या शंका खऱ्या आहेत आणि त्या हसण्यावारी नेऊ नयेत. मुले आणि मुली दोघांबरोबर जबाबदार मोठी माणसे हवीत, मुलींबरोबर बहिणी हव्यातच. कोणतेही मूल एकट्या मोठ्या माणसाच्या हवाली नको. पालकांची लेखी संमती, प्रथमोपचाराची पेटी, जवळच्या दवाखान्याची आधी चौकशी, पाण्यात उतरण्याबद्दल कडक नियम, हे आधी ठरवावे. आमच्या वेळी यातले बरेच नव्हते आणि दोन मुले ओढ्याकाठी सापडली ती देवाच्या दयेने. सहा दिवस नसतील तर तीन करा. वघई नसेल तर जवळ कुठे करा. पण "क्लास बुडेल" एवढ्याच कारणाने नको म्हणू नका.

लिंबायत, डिंडोलीच्या खोल्यांमध्ये दुपारी दार लावून मोबाइलवर बसलेली आपली मुले आम्ही पाहतो. आई साडीला लेस लावत असते, वडील पाळीवर असतात. त्यांना दोष देत नाही. पण या मुलांनी कधी उघड्या फांद्यांमधून तारे पाहिले नाहीत, आणि स्वतः शिजवलेले करपलेले अन्न दुसऱ्याला आधी वाढले नाही. परमेश्वराने आपल्या लोकांना वर्षातून सात दिवस घरे सोडून मांडवांत राहायला सांगितले होते, लेवीयच्या तेविसाव्या अध्यायात ते आहे. कारणही दिले आहे: तुमच्या पिढ्यांना कळावे म्हणून. नहेम्याच्या आठव्या अध्यायात दिसते की यहोशवाच्या काळापासून असा सण झालाच नव्हता. तरी लोक डोंगरावर गेले, फांद्या आणल्या, मांडव घातले आणि फार मोठा आनंद झाला. खंड पडला म्हणून परमेश्वराने त्यांना नको म्हटले नाही.

बेडन-पॉवेल १९४१ मध्ये वारले. केनियातल्या न्येरी इथे त्यांची कबर आहे. तिच्या दगडावर एक वर्तुळ आणि मध्ये एक ठिपका कोरला आहे. माग काढण्याच्या खेळात ही शेवटची खूण असते. तिचा अर्थ, मी घरी गेलो. आमचे मास्तरही आता घरी गेले आहेत. त्यांच्या कबरेवर अशी खूण नाही, साधा क्रूस आहे. पण वाटेवरचे त्यांचे बाण आम्हाला अजून सापडतात.

येत्या रविवारी उपासनेनंतर पुन्हा बैठक आहे. ज्यांनी कधी तंबूत रात्र काढली आहे त्यांनी थांबावे, घाईने स्कूटर काढू नये. आपल्याला वाट माहीत आहे, म्हणून खूण करायचा कंटाळा येतो. मागून लहान मुले येत आहेत.

हे प्रभू येशू, तू आमच्यापुढे चाललास आणि वाट दाखवलीस. आमच्या हातून ज्या फाट्यावर बाण राहून गेला तिथे आम्हाला परत ने, आणि दगड उचलायला खांद्यात बळ दे. आमेन.