लग्नाच्या चौकातून कागदावर

गेरूच्या भिंतीवर त्रिकोणाला त्रिकोण जोडायचा, वर डोक्याचा ठिपका द्यायचा, की झाली वारली! आता पूर्णा-परभणीकडच्या शाळकरी पोरांनाही हे ठाऊक असतं. पण डहाणू-तलासरीच्या पाड्यांवरची ही रेघ भिंत सोडून निघाली, त्याला पन्नास-पंचावन्न वर्षंच झाली आहेत. त्याआधी ती लग्नघराबाहेर फारशी पडत नसे.

मूळ चित्र म्हणजे लग्नाचा चौक. कुडाची भिंत शेणाने सारवून त्यावर गेरू द्यायचा. तांदूळ वाटून पाण्यात कालवायचे आणि बांबूच्या काडीचं टोक चावून मऊ केलं की तोच कुंचला. चित्र काढायचं सवाशिणींनी. चौकाच्या चारी बाजूंना नक्षीचे पट्टे येतात. आत हात पसरलेली पालघाट देवी असते आणि तिच्याभोवती चंद्र, सूर्य, फणी, शिडी. शेजारच्या लहान देवचौकात घोड्यावर बसलेला पाच शिरांचा देव. चौक पुरा झाल्याशिवाय लग्न लागत नाही. लग्न लावते तीही बाईच, धवलेरी. विधी तिच्या गाण्यांनीच पुढे सरकतो. लग्न उरकल्यावर हे चित्र जपून ठेवण्याची रीत नव्हती. पुढच्या लग्नाला नवा चौक.

ही चित्रं काढणाऱ्या वारली आदिवासी समाजाची सविस्तर नोंद पुस्तकात आली ती 1945 मध्ये, के. जे. सावे यांच्या 'द वारलीज' या इंग्रजी ग्रंथात. त्याच वर्षी मे महिन्यात तलासरीजवळ झरी इथे वारल्यांची मोठी सभा भरली आणि वेठबिगारीविरुद्धचा लढा पेटला. लढ्याच्या मागण्यांमध्ये लग्नगडीची पद्धत बंद करणंही होतं. लग्नासाठी सावकार-जमीनदाराकडून पैसे उचलायचे आणि ते फेडायला नवराबायकोने त्याच्याच घरी-शेतात राबायचं, म्हणजे लग्नगडी. कित्येकांची उभी हयात त्यात गेली. या लढ्याच्या नेत्या गोदावरी परुळेकर यांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात हे सारं लिहून ठेवलं. पुस्तक 1970 मध्ये आलं आणि 1972 मध्ये त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ज्या लग्नापायी माणूस गहाण पडत होता, त्याच लग्नाच्या भिंतीवर पालघाट रेखली जात होती. वारली चित्राकडे नुसती आनंदी नाचाची नक्षी म्हणून पाहणाऱ्यांनी हे पुस्तक आधी वाचायला हवं.

भिंतीवरची रेघ कागदावर आणली ती चित्रकार भास्कर कुलकर्णी यांनी. 1966-67 च्या बिहारच्या दुष्काळात मिथिलेतल्या बायकांच्या हाती कागद देणारे तेच. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला ते डहाणूच्या पाड्यांवर फिरले. त्यांना काम दिसलं होतं बायकांचं. नाव गाजलं मात्र गंजाडच्या कळंबीपाड्यावरच्या एका पुरुषाचं, जिव्या सोमा मशे यांचं. लहानपणी आई गेल्यावर कित्येक वर्षं ते बोलत नव्हते, मातीत रेघोट्या ओढूनच सांगायचं ते सांगत. विधी नसला तरी ते चित्रं काढत. 1975 मध्ये मुंबईच्या गॅलरी केमोल्डमध्ये त्यांचं प्रदर्शन झालं, 1976 मध्ये राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि 2011 मध्ये पद्मश्री. मे 2018 मध्ये ते गेले.

कागदावर येताना विषय पालटले. चौक मागे पडला आणि मासेमारी, भातलावणी, तारपा या फुंकवाद्याभोवतीचा नाचाचा फेर पुढे आला. मशे यांचं मासेमारीच्या जाळ्याचं चित्र पाहावं. केसाएवढ्या रेघांची जाळी सगळा कागद व्यापते आणि बघता बघता ती हलते आहे असं वाटू लागतं. हे सामर्थ्य त्यांचं स्वतःचं. पण कागदाबरोबर सही आली, सहीबरोबर बाजार आला आणि चित्रकार म्हणून पुढे आले ते बहुतेक पुरुष. चौक रेखणाऱ्या सवाशिणींनी सही कधी केलीच नव्हती.

यशोधरा दालमिया यांनी 1988 च्या 'द पेंटेड वर्ल्ड ऑफ द वारलीज' या ग्रंथात चित्राला पुन्हा विधीशी जोडून दाखवलं. 2014 मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळालं. त्यामुळे नावाला कायद्याचं संरक्षण आलं, पण चौकाचा अर्थ सांगणाऱ्या बाईचं ज्ञान अशा नोंदणीने टिकत नाही. चित्रांचे फोटो आता भरपूर झाले आहेत. यापुढे वारल्यांच्या पाड्यावर नोंदी करायला जाणाऱ्याने वही आधी धवलेरीपुढे उघडावी, तिची गाणी तिच्याच बोलीत उतरवावीत आणि खाली तिचं नाव लिहावं.