गोवर्धनचे दूध आणि रोकफोरचे चीज



घरात दूध नासले की काय होते? आई कपाळाला हात लावते, पोराला पातेली देऊन शेजारी पिटाळते, आणि त्या दिवशी चहा कोराच प्यावा लागतो. नासणे हा शब्दच आपल्याकडे नुकसानीचा. पण फ्रान्स देशाच्या दक्षिणेला, आव्हेरों नावाच्या डोंगराळ मुलखात, एक गाव आहे. तिथले लोक दूध मुद्दाम फाडतात, त्यावर बुरशी वाढू देतात, महिनेच्या महिने ते थंडाव्यात ठेवतात. आणि त्याच पदार्थाच्या बळावर ते गाव गेली सहाशे वर्षे मानाने जगत आले आहे. गावाचे नाव रोकफोर. वस्ती म्हणाल तर हजाराच्या आतली. आपल्याकडची एखादी वाडी म्हणा ना! पण युरोपातल्या कोणत्याही मोठ्या शहरात जा, दुकानदाराला ते नाव माहीत असते.

आज आपण मनाने त्या गावाला जाऊन येऊ. मात्र निघायचे ते पंचवटीहून, रामकुंडावरून, आणि परत यायचे तेही इथेच. हा एवढा फेरा कशासाठी, ते शेवटी आपोआप कळेल.

रोकफोर गाव कोंबालू नावाच्या डोंगराच्या कुशीत बसले आहे. फार प्राचीन काळी या डोंगराचा एक भाग खचला आणि खडकांच्या ढिगाऱ्यात गुहा तयार झाल्या. खडकाला लांबच लांब भेगा पडल्या. त्या भेगांतून बारा महिने गार आणि ओलसर वारा गुहांत वाहतो. बाहेर उन्हाळा असो की हिवाळा, आत साधारण ८ ते १२ अंश उष्णता कायम. ही काही माणसाची करामत नव्हे. हे डोंगराचे देणे.

दूध गाईचे नाही बरं का, मेंढीचे! लाकोन जातीच्या मेंढ्या भोवतालच्या माळांवर चरतात. आपले धनगर बांधव मेंढी पाळतात ती लोकरीसाठी, मांसासाठी आणि शेतात बसवून खत मिळावे म्हणून. तिकडचे धनगर तिचे दूध काढतात. ते न तापवता विरजतात, चोथा साच्यात भरतात, मीठ लावतात आणि त्यात एक विशिष्ट बुरशी घालतात. मग सुयांनी भोके पाडून ते गोळे गुहेत मांडतात. भोकांतून हवा आत गेली की बुरशीच्या निळ्या-हिरव्या रेषा सगळीकडे पसरतात. निदान ९० दिवस झाल्याखेरीज त्याला रोकफोर म्हणता येत नाही.

या पदार्थाची एक दंतकथा तिथे सांगतात. एक धनगराचा पोरगा गुहेत भाकरी आणि चीज ठेवून एका मुलीच्या मागे गेला आणि शिदोरी विसरला. काही महिन्यांनी परत आला तो काय, भाकरीची बुरशी चीजमध्ये उतरलेली! भुकेपोटी त्याने ते खाल्ले आणि खूश झाला. गोष्ट खरी असो वा खोटी, गुहा मात्र खऱ्या आहेत.

आता इतिहासाकडे येऊ. १४११ साली फ्रान्सचा राजा सहावा शार्ल याने रोकफोरच्या गावकऱ्यांना सनद दिली, की हे चीज मुरवण्याचा हक्क या गावाच्या गुहांचाच. पुढे बाहेरचे लोक नकली माल त्याच नावाने विकू लागले, तेव्हा १६६६ साली तुलूझच्या न्यायालयाने अशा विक्रेत्यांना चाप लावला. आणि १९२५ साली फ्रान्सच्या संसदेने कायदाच केला: रोकफोर हे नाव कोणत्या दुधाच्या आणि कुठे मुरवलेल्या चीजला लावायचे, ते ठरवून टाकले. गावाच्या नावाला असे कायद्याचे कुंपण मिळालेले हे फ्रान्समधले पहिले चीज.

इथे कोणी विचारील, “अहो, त्यांच्याकडे गुहा होत्या, राजा होता. आमच्याकडे काय होते?” तर आता परत नाशिकला या. गुहा आपल्याकडेही आहेत, आणि त्यांत जे लिहून ठेवले आहे ते रोकफोरच्या सनदेहून कितीतरी जुने आहे.

पंचवटी म्हटले की आपल्याला आठवते ती सीतागुंफा, पाच वड, काळाराम मंदिर. पण गोदावरी ओलांडून नाशिक शहराच्या नैऋत्येला गेलात, की आठ-नऊ किलोमीटरवर एक डोंगर लागतो. लोक त्या लेण्यांना पांडवलेणी म्हणतात. डोंगराचे जुने नाव त्रिरश्मी. बौद्ध भिक्षूंसाठी कोरलेली ही लेणी. त्यांतल्या दहाव्या लेण्यात सुमारे १९०० वर्षांपूर्वीचे लेख आहेत. ते कोरविले उषवदात याने. हा क्षहरात क्षत्रप नहपान याचा जावई, शक कुळातला. त्या काळी या भागाच्या मुख्य ठाण्याचे नाव होते गोवर्धन. गोवर्धन म्हणजे गाई वाढविणारा. हे नाव पुसले गेलेले नाही. नाशिकच्या पश्चिमेला गंगापूरजवळ गोवर्धन गाव आजही आहे. आणि उषवदात आपल्या लेखात स्वतःविषयी पहिल्या काही शब्दांतच सांगतो, की मी ३ लाख गाई दान दिल्या. आकड्यात दात्याची बढाई असेलही. पण बढाई मारायची ती गाईंची, यावरूनच काळाची रीत कळते.

पुढे तिसऱ्या शतकात इथे आभीरांचे राज्य आले. आभीर म्हणजे गोधन पाळणारे, असे जुने ग्रंथ सांगतात. त्यांचा राजा ईश्वरसेन, त्याच्या राज्याच्या नवव्या वर्षाचा लेखही याच डोंगरावर आहे. खानदेशात आणि बागलाणात आपण जी अहिराणी बोलतो, तिच्या नावात हे आभीर आजही आहेत. म्हणजे पाहा, हा मुलूख पूर्वापार दूधदुभत्याचा.

मग इथे चीज का झाले नाही? कारण सरळ आहे. दूध टिकत नाही. ते टिकवायचे तर त्याचे रूप पालटावे लागते. थंड देशात ते फाडून, पाणी काढून, गार जागी मुरवता येते. आपल्या उन्हात तसे ठेवले तर चार दिवसांत किडे पडतील. म्हणून आपण विस्तवाचा आधार घेतला. दूध आटवून खवा केला, लोणी कढवून तूप केले. तूप महिनोन्महिने राहते. शिवाय तिकडे दूध फाडायला वासराच्या किंवा कोकराच्या पोटातला द्रव वापरीत. ते आपल्या घरात चालण्यासारखे नव्हते. तरीसुद्धा श्रीखंडासाठी तुम्ही फडक्यात दही बांधून खुंटीला टांगता ना, तो चक्का म्हणजे चीजचा मावसभाऊच. तेव्हा अक्कल तिकडे जास्त आणि इकडे कमी, असे काही नाही. जसे हवामान, तशी युक्ती.

खरी शिकण्याची गोष्ट वेगळीच आहे, आणि ती त्याच दहाव्या लेण्यात कोरलेली आहे. शिक्षक बंधू-भगिनींनो, हे गणित फळ्यावर मांडण्यासारखे आहे. उषवदाताने भिक्षूंसाठी ३००० कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, कायमची ठेव म्हणून ठेवली. कुठे? राजाच्या खजिन्यात नव्हे, तर गोवर्धनमधल्या विणकरांच्या श्रेणींत. श्रेणी म्हणजे एका धंद्याच्या लोकांची संघटना. २००० एका श्रेणीत, दरमहा शेकडा १ व्याजाने. १००० दुसऱ्या श्रेणीत, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. अट अशी, की मुद्दल कधी परत मागायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. आता हिशेब करा. २००० चे महिन्याचे व्याज २०, वर्षाचे २४०. लेखात लिहिले आहे, की वर्षावासात २० भिक्षूंना वस्त्रासाठी प्रत्येकी १२ द्यावेत. वीस बारे २४०. बरोबर जमते! हा व्यवहार निगमसभेत वाचून दाखविला आणि दप्तरी नोंदविला, असेही तिथे लिहिले आहे.

विचार करा, राजाचा जावई आपला पैसा कोष्ट्यांच्या हवाली करतो, आणि तोही कायमचा. त्याला खात्री होती, की राजे येतील-जातील, विणकर गोवर्धनात राहतील. आणि झालेही तसेच. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याने नहपानाचा पराभव केला. १९०६ साली सिन्नर तालुक्यात जोगलटेंभी इथे १३,००० हून जास्त चांदीची नाणी सापडली. नाणी नहपानाची, पण बहुतेकांवर गौतमीपुत्राने आपला ठसा मारलेला. नाण्यावरचा राव बदलला. पण पुढे आभीर ईश्वरसेनाच्या काळात विष्णुदत्ता नावाच्या उपासिकेने आजारी भिक्षूंच्या औषधासाठी पैसा ठेवला, तोही तेल गाळणाऱ्यांच्या आणि इतर धंदेवाल्यांच्या श्रेणींतच. तीन राजवटी झाल्या, रीत तीच राहिली. आपली म्हण आहे ना, गाव करी ते राव न करी.

रोकफोरचेही तेच. सनद रावाने दिली, पण सांभाळली गावाने. एकाने भेसळ केली तर सगळ्यांचे नाव जाते, हे त्यांना उमजले. मात्र एक गोष्ट लपवून चालणार नाही. हक्क होता गुहावाल्यांचा. रानोमाळ हिंडून दूध काढणारा मेंढपाळ गावाबाहेरचा. दुधाचा भाव कोणी ठरवायचा, हा तंटा तिथे बराच काळ चालला. अखेर १९३० साली दूध देणारे आणि चीज करणारे यांची एक संयुक्त संस्था झाली, आणि दोघेही एका बैठकीला बसू लागले. नाव तेव्हा खऱ्या अर्थाने सर्वांचे झाले.

१९३० साल म्हटले, की पंचवटीच्या माणसाला दुसरेही काही आठवल्यावाचून राहत नाही. त्याच वर्षी २ मार्चला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराच्या प्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांनी तो पुढे वर्षानुवर्षे चालविला. ज्या गावाचे नाव रामाच्या वनवासामुळे देशभर पोचले, त्याच गावात रामाचे दार काही जणांना बंद होते. तेव्हा ‘गाव करी’ असे म्हणताना आधी विचारावे लागते, की गाव म्हणजे कोण? नावाचा मान घेणारे चौघे, की ज्यांच्या कष्टावर ते उभे आहे ते सगळे? मंदिराचे दार असो की दुधाचा भाव, प्रश्न एकच आहे.

गावाच्या नावाला कायद्याचे कुंपण आता आपल्या देशातही मिळते. १९९९ साली तसा कायदा झाला आणि २००३ पासून अमलात आला. त्याखाली नाशिकची द्राक्षे, लासलगावचा कांदा, येवल्याच्या मागावर उतरणारी पैठणी यांच्या नावांची नोंद झाली आहे. पण नुसत्या नोंदीने काय होते? कागद कपाटात राहतो आणि माल बाजारात जातो. पेटीच्या वरच्या थरात चांगला घड आणि खाली मणीगळ भरली, तर गिऱ्हाईक एकदाच फसते, आणि गावाचे नाव कायमचे जाते. दुधाचे तर विचारू नका. सकाळी चरवीत असताना ते अमक्याच्या गाईचे असते. संकलन केंद्रावर कॅनमध्ये पडते, टँकरमध्ये जाते, आणि त्याचे गाव हरवते. एकाने पाणी घातले तर दहा जणांच्या कष्टाचा भाव उतरतो. आणि प्रामाणिक माणसाला वाटू लागते, मीच का म्हणून सोसू?

याला उपाय राजाकडे नाही. तो गोवर्धनच्या विणकरांनी दाखविला होता: एकत्र या, हिशेब सभेत वाचा, लिहून ठेवा, आणि दिलेला शब्द पाळा. १९४६ साली गुजरातेत खेडा जिल्ह्यातल्या दूध उत्पादकांनी सहकारी संघ उभारला, तोही याच वाटेने. सहकार हे काही परदेशी रोपटे नव्हे. त्याची मुळे आपल्या कातळात आहेत, आणि ती वाचता येतात.

म्हणून गुरुजींना माझी एक विनंती आहे. पुढच्या खेपेला मुलांची सहल नाशिकला आणाल, तेव्हा रामकुंड दाखवा, सीतागुंफा दाखवा. पण तेवढ्यावर परतू नका. त्यांना त्रिरश्मीच्या पायऱ्या चढवा. दहाव्या लेण्याच्या ओसरीत बसवून ते २४० कार्षापणांचे गणित तिथेच सोडवून घ्या. आणि दूध घालणाऱ्या माझ्या शेतकरी बंधू-भगिनींनो, उद्या सकाळी केंद्रावर गेलात, की एवढे विचारा: आपल्या संस्थेचा हिशेब सभेत शेवटचा कधी वाचला होता?